छापलं की झालं

दुपारी मशीन सुरू झालं की पहिला अंक मालक स्वतः उचलायचे. शाई ओली असायची. वर्तमानपत्राच्या नावावर ते उजव्या हाताचा अंगठा दाबायचे, काळा झालेला अंगठा डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि म्हणायचे, "छापलं की झालं." मग तो अंगठा दाराच्या चौकटीला पुसायचे. रोज. त्या चौकटीवर इतके काळे डाग साचले होते की नवा माणूस आत पाऊल टाकताना थबकायचा. मीही पहिल्या दिवशी थबकले होते. आत काही कापतात की काय, असं माझ्या मनात आलं होतं.

त्यांचं नाव सांगत नाही. भोपाळच्या जुन्या मंडळींना ते सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून काही उपयोग नाही. आम्ही सगळे त्यांना मालकच म्हणायचो. अमरावतीकडचे. नवाबी संपत आली तेव्हा पायानं चालवायचं एक छपाईयंत्र घेऊन ते इथे उतरले. लग्नपत्रिका, सिनेमाची हँडबिलं, हकिमांच्या बाटल्यांवरची लेबलं, काय वाट्टेल ते छापलं. मग साप्ताहिक काढलं, मग हिंदी सांजदैनिक. टांग्यांच्या पाठीमागे जाहिरातींच्या पाट्या लावायची युक्ती या गावात त्यांचीच. पुढे पुढे तर अशी गत झाली की शहरात कुठेही उभे राहा, मालकांनी छापलेलं काहीतरी तुमच्या समोरून जाणारच.

पण नुसत्या पाट्या आणि पेपरानं माणसाचा एवढा दरारा होत नाही. तो काळ ध्यानात घ्या. राज्यं तोडत होते, जोडत होते. राजधानी भोपाळला आली आणि नागपूरची अर्धी कचेरी खोकी-वळकट्या घेऊन मागोमाग आली. क्वार्टर्सना गिलावा नाही, नळाला पाणी नाही, आणि कोण इथे राहणार, कोण परत जाणार, हे खुद्द साहेबालाही ठाऊक नाही. सकाळी एक ऐकायचं, दुपारी दुसरंच. अशा वेळी छापलेली ओळ दिसली की माणूस तिला घट्ट धरायचा. मालकांनी हे सगळ्यांच्या आधी ओळखलं.

आमचंच बघा ना. ह्यांची बदली झाली तेव्हा लवकरच नागपूरला परतायचं असं पक्कं ठरलं होतं. तांब्याची भांडी मी खोक्यातून बाहेरच काढली नव्हती. एका संध्याकाळी हे कचेरीतून आले, चहासुद्धा न घेता पेपर माझ्यापुढे टाकला आणि खुर्चीत बसून राहिले. ह्यांचं खातं कायमचं भोपाळलाच राहणार, असं ठळक छापलं होतं. हे दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेले.

"ही बातमी कुठून आणलीत?" ह्यांनी विचारलं.

"कुठून म्हणजे? इथून," असं म्हणून मालकांनी टेबलावर बोट ठोकलं.

"अहो, पण हुकूम निघालेला नाही."

"निघेल की. छापलं की झालं."

आणि खरंच निघाला हो. वर कोणीतरी विचारलं असणार की या खात्याचं काय करायचं, आणि कोणीतरी म्हटलं असणार की अख़बार में तो आ ही चुका है. मी भांडी काढून मांडली आणि मग पदर खोचून त्या कचेरीत भांडायला गेले.

माझं माहेर जबलपूरचं. राग आला की मी आपोआप हिंदीत जाते. सगळ्या कंपोझिटरांसमोर मी मालकांना चांगलं फैलावर घेतलं. ते शांतपणे ऐकत राहिले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुमचं हिंदी चांगलं आहे हो. एवढ्या भांडणात एकही स्त्रीलिंग-पुल्लिंग चुकलं नाही. उद्यापासून प्रुफं वाचायला या." भांडायला गेले आणि नोकरी घेऊन आले. ह्यांनी कपाळाला हात लावला.

मालकांचं स्वतःचं हिंदी म्हणजे विचारू नका. इतकी वर्षं भोपाळात काढली, पण कान अमरावतीचेच राहिले. एकदा मोठ्या घरचे पाहुणे आले असताना ते छाती पुढे काढून म्हणाले, "हमारा अख़बार किसी की चेष्टा नहीं करता." आपल्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत प्रयत्न. पाहुणे गोंधळून उठले. शिक्षणमंत्र्यांच्या भाषणावर पहिल्या पानभर 'शिक्षा' छापलेलं बघून आमच्या चाळीतल्या बायका दिवसभर हसत होत्या, मंत्री सगळ्यांना कसली शिक्षा देणार आहेत म्हणून. तीच गोष्ट नुक्त्याची. ज खाली ठिपका असलेला छपाईचा खिळा आमच्या खिळ्यांच्या केसमध्ये नव्हताच. मी मागितला तर म्हणाले, "ठिपक्यासाठी वेगळा खिळा घ्यायचा? मराठीचं कधी अडलं का ठिपक्यावाचून?"

हसायचो आम्ही. पण ते हसू फार वेळ टिकायचं नाही.

एक इंजिनियर साहेब होते. त्यांनी टांग्यांवरच्या पाट्यांना हरकत घेतली. आठवड्याभरात आमच्या पेपरात एक बारीकशी ओळ आली, की अमुक साहेबांच्या बदलीची चर्चा आहे. तेवढंच. ते साहेब स्वतः आले. घाम पुसत म्हणाले, "मेरे तबादले की कोई बात ही नहीं है."

"फिर डर किस बात का?" मालक म्हणाले आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.

त्या दिवसापासून साहेबांच्या हाताखालचे लोक त्यांचे कागद बाजूला ठेवायला लागले. जाणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? कामं तुंबली, वरून विचारणा झाली, आणि पावसाळ्याआधी खरोखरच बदली झाली. मी घरी जाताना त्यांच्या क्वार्टरसमोर ट्रंका मांडलेल्या होत्या, आणि एका ट्रंकेवर त्यांची बायको बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी कुठे काम करते हे तिला ठाऊक होतं.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मी फक्त चर्चा आहे एवढंच म्हटलं, वहिनी. चर्चा मग सुरू झाली," ते म्हणाले. ते हे हसून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हसले नव्हते. त्यांना मनापासून वाटायचं की गोष्टी आधी छापखान्यात होतात आणि मग बाहेर.

आता हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस राक्षस होता. माझा धाकटा तापानं फणफणला तेव्हा हे दौऱ्यावर होते. मालकांना कळलं तसं त्यांनी मशीन थांबवलं, स्वतः रस्त्यावर गेले आणि शकूरमियांच्या टांग्याला हाक मारली. दवाखान्याच्या दारात ते संध्याकाळपर्यंत बसून होते. त्या दिवशी पेपर निघालाच नाही. एका पोरासाठी पेपर बंद ठेवणारा मालक मी दुसरा पाहिला नाही.

शकूरमियां हे टांगेवाल्यांचे सदर, म्हणजे अध्यक्ष. मालक पहिल्यांदा स्टेशनवर उतरले तेव्हा ते अवजड यंत्र कोणी टांग्यात घ्यायला तयार नव्हतं. शकूरमियांनी ते दोरांनी बांधलं, घोड्याला त्रास नको म्हणून स्वतः खाली उतरले आणि लगाम धरून जुन्या शहरापर्यंत चालत आले. पुढे पेपराचे गठ्ठे नव्या वस्तीत, पार बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्सपर्यंत नेले ते त्यांच्याच टांगेवाल्यांनी. त्यांना उर्दू वाचता यायचं, नागरी नाही. रोज वाहून नेलेला पेपर त्यांनी कधी वाचला नव्हता. मालकांना ते भाईसाहब म्हणायचे, मला बहनजी. त्यांच्या घोड्याच्या गळ्यात घुंगरांची माळ असायची आणि दुपारी ती वाजली की आम्हाला कळायचं, गठ्ठे बांधायला घ्या.

मग टांग्यांचा तो तंटा निघाला. नव्या कचेऱ्यांजवळचा अड्डा हलवा, असा वरून हुकूम आला. अड्डा गेला की गिऱ्हाईक गेलं. टांगे बंद झाले. कारकून पायी कचेरीत जायला लागले, आमचे गठ्ठे सायकलींवरून जायला लागले. शकूरमियां रोज हुकूम काढणाऱ्या साहेबांच्या दारात उभे राहायचे, आणि शेवटी साहेब नरमले. अड्डा बाजाराच्या मागच्या बाजूला राहील, घोड्यांना पाण्याची नांद बांधून मिळेल, असं ठरलं. सही दुसऱ्या दिवशी व्हायची होती. शकूरमियांनी एका औषधाच्या दुकानातून आम्हाला फोन केला.

फोन नेहमी मालक घ्यायचे. दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही, हा आमच्याकडे नियम होता. आधी एकदा त्यात फुंकर मारायचे आणि मग ऐकायचे. शकूरमियां म्हणाले, "भाईसाहब, राज़ीनामा हो गया है. छाप दीजिए."

तुमच्या लक्षात आलंच असेल. आपल्याकडे राजीनामा म्हणजे पद सोडणं. भोपाळच्या बोलीत राज़ीनामा म्हणजे समझोता, दोन्ही बाजू राज़ी झाल्या असा. जबलपूरची मी, मला ते माहीत होतं. पण फोन मी घेतला नव्हता. माझ्यासमोर प्रूफ आलं ते मालकांनी स्वतः लिहिलेल्या मथळ्याचं, 'टाँगा यूनियन के सदर का इस्तीफा'. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

पहिला अंक आला. अंगठा उमटला. छापलं की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकूरमियां आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

"भाईसाहब, मैंने राज़ीनामा कहा था," ते म्हणाले. "समझौता."

 मालकांना कळलं. मी समोरच होते, मला दिसलं. त्यांचा उजवा अंगठा बोटांवर घासायला लागला.

शकूरमियां सांगत गेले. संध्याकाळी अड्ड्यावर कोणीतरी पेपर वाचून दाखवला. लोक म्हणाले, हा विकला गेला, आम्हाला मधेच टाकून पळाला. ते ओरडून सांगत होते की मी सोडलेलं नाही, पण पेपरात तर छापलं होतं. साहेबांनी निरोप पाठवला होता की तुम्ही सदर राहिला नाहीत, तर आता सही कोणाबरोबर करायची. सही आणखी एक दिवस थांबली होती.

"आज छप जाए कि ग़लती हुई, तो कल दस्तख़त हो जाएँगे," ते म्हणाले. "बस चार लाइन, भाईसाहब."

"हो जाएगा, मियां. घर जाइए," मालक म्हणाले.

मी तिथल्या तिथे चार ओळी लिहिल्या. शकूर मियाँ ने इस्तीफा नहीं दिया. उन्होंने राज़ीनामा, अर्थात् समझौता, कहा था. सुनने में भूल हमसे हुई. शकूर मियाँ टाँगा यूनियन के सदर हैं. ज खाली ठिपका मी मुद्दाम ठळक दिला. मालकांनी कागद वाचला, घडी घातली आणि काचेच्या वजनाखाली ठेवला. त्या दुपारी पेपर निघाला. त्यात त्या चार ओळी नव्हत्या.

"जागा नव्हती," ते म्हणाले.

"तिसऱ्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात आहे ती काढा."

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "आजवर आपण चुकलो असं कधी छापलं नाही. एकदा छापलं की मागचं सगळं चुकलेलं होतं. उद्यापासून मग आपल्याला कोण विचारणार?"

मी त्यांना म्हटलं, "आणि त्या माणसाचं काय? ज्यानं तुमचं यंत्र चालत आणलं?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्यांची त्या दिवशी इतकी चीड आली की निघताना मी चौकटीलासुद्धा पदर लागू दिला नाही.

सही झाली नाही. घाबरलेल्या टांगेवाल्यांनी घाईघाईनं दुसराच सदर निवडला. त्याला काही बोलता आलं नाही, आणि अड्डा पार गावाबाहेर गेला. नांद कुठली आणि काय. नव्या अड्ड्यावर शकूरमियांना रांगेत उभं राहू देत नसत. बिक गया, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचे. आम्हाला हे गठ्ठे नेणारी पोरं सांगायची, आणि सांगताना मालकांकडे बघायची नाहीत.

आणि मग ते सुरू झालं. दुपारी मशीन थांबलं की रस्त्यावर घुंगरू वाजायचे. शकूरमियां टांगा बरोबर आमच्या दारासमोर उभा करायचे, खाली उतरून एक अंक घ्यायचे आणि दाराजवळच्या माझ्या टेबलाशी यायचे. नागरी वाचता येत नव्हतं ना.

"बहनजी, आज आया?"

"नहीं, मियां."

"अच्छा. कल आएगा."

एवढंच. आवाज चढवणं नाही, शिवीगाळ नाही. अंक घडी घालून सीटखाली ठेवायचे आणि निघून जायचे. शिवीगाळ केली असती तर मालकांना सोपं गेलं असतं, हे मला अजून वाटतं. तुम्ही म्हणाल, मी नोकरी का सोडली नाही. सोडणार होते. पण रोज सकाळी तो कागद वजनाखालून काढून मालकांसमोर धरायला आणि "आज लावायचं का?" असं विचारायला तिथे कोणीतरी हवं होतं. मी ते रोज केलं. मालक रोज म्हणायचे, "बघू." कागद पुन्हा वजनाखाली जायचा.

बाहेरून बघणाऱ्याला मालकांची चढतीच दिसत होती. टांगे कमी झाले तशी जीप आली. मोठं मशीन आलं, त्याला हार घातले, मंत्र्यांनी बटण दाबलं. त्या समारंभात भाषणं चालू असताना बाहेर घुंगरू वाजले. मालक खुर्चीवरून अर्धवट उठले आणि परत बसले. मंत्र्यांना वाटलं टाळ्या वाजवायला उठले, म्हणून तेही उठले, आणि मग सगळा मांडव उठून उभा राहिला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी मालकांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

हळूहळू ते बदलायला लागले. आधी रस्त्याकडची खिडकी बंद झाली. उकाड्यात आम्ही घामाघूम व्हायचो, पण ती उघडायची नाही. मग ते मागच्या दारानं यायला लागले. मग एके दिवशी फोन वाजला, त्यांनी उचलला, फुंकर मारली आणि फोन तसाच माझ्याकडे दिला. "तुम्ही ऐका, वहिनी. काय म्हणतात ते नीट ऐका." त्यानंतर त्यांनी कधी फोन घेतला नाही. मी काही सांगितलं की विचारायचे, "असंच म्हणाला? शब्द हाच होता?" साध्या लग्नाच्या बातमीलाही विचारायचे. चौकटीवरच्या डागांवर नवे डाग पडेनासे झाले. पहिला अंक आता पांडे, आमचा मुख्य कंपोझिटर, आणून टेबलावर ठेवायचा आणि मालक त्याला हातही लावायचे नाहीत.

एकदा भर दुपारी, कोणी नसताना, त्यांनी विचारलं, "वहिनी, घोडा वाळलाय का हो?"

"तुम्हीच खिडकी उघडून बघा."

त्यांनी उघडली नाही. घोडा वाळला होता. माणूसही.

मग घुंगरू वाजायचे थांबले.  दुसऱ्या दिवशी मशीन थांबल्यावर सगळा छापखाना रस्त्याकडे कान लावून बसला. मालक आतल्या खोलीत फेऱ्या मारत होते. मला वाटलं होतं, त्यांना सुटल्यासारखं होईल. उलटच झालं. ते पुन्हा पुन्हा दारापर्यंत यायचे आणि परत जायचे. आठवडा असाच गेला. शेवटी म्हणाले, "जाऊन या जरा. घर माहीत आहे ना?"

तलावाच्या बाजूला, जुन्या गल्लीत त्यांचं घर होतं. दाराला गोणपाटाचा पडदा. टांगा बाहेर होता, दांड्या जमिनीला टेकलेल्या. घोडा दिसला नाही. पडद्याआडून त्यांची बायको बोलली. छातीत दुखतंय म्हणाले, पाणी मागितलं आणि पाणी आणेपर्यंत सगळं संपलं. दफन होऊन आठवडा झाला होता.

"टाँगेवालों में से कोई कंधा देने नहीं आया," ती म्हणाली. "मोहल्ले के लोग ले गए."

 अख़बारच्या कचेरीतून आले, एवढं कसंबसं सांगितलं. 

"रोज़ आकर कहते थे, आज नहीं आया, कल आएगा," ती म्हणाली. "आया क्या, बीबी?"

मी नाही म्हटलं. रस्त्यानं परत येताना मी रडत होते आणि लोक बघत होते, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

मालक गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी भोपाळजवळ मिसरोदला मुलाकडे राहते. तोच धाकटा, ज्याच्यासाठी एक दिवस पेपर निघाला नव्हता. मालक गेले तेव्हा सगळ्या पेपरांतून त्यांच्यावर लांबलचक लेख आले. शून्यातून विश्व उभं करणारा, द्रष्टा, वगैरे. सगळं खरंच होतं, मी चुकीचं म्हणत नाही. त्यांचं मोठेपण मी जवळून बघितलं. पण मला मालक म्हटलं की मी शकूरमियांच्या घरून परतले तीच दुपार आठवते.

मी सांगितलं, त्यांनी ऐकलं. खांदा द्यायला कोणी आलं नाही हेही सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी काचेचं वजन उचललं, कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता. म्हणाले, "हे लावा. पहिल्या पानावर. चौकटीत." मग स्वतः उठून पांडेकडे गेले आणि म्हणाले, "ज के नीचे बिंदी चाहिए." पांडेनं एक ठिपका कुठूनतरी घासून बारीक केला आणि ज खाली बसवला. मालक शेजारी उभे राहून बघत होते.

प्रूफ माझ्याकडे आलं. शेवटची ओळ होती, शकूर मियाँ टाँगा यूनियन के सदर हैं. मी 'हैं' वर काट मारली आणि समासात 'थे' लिहिलं. माझं कामच होतं ते. मालकांनी प्रूफ हातात घेतलं, माझी दुरुस्ती खोडली आणि पुन्हा 'हैं' लिहिलं.

"मालक, ते गेले," मी म्हटलं.

"हैं राहू द्या."

"अहो, माणूस पुरलाय. मी आत्ता त्याच्या घरून आले."

"राहू द्या, वहिनी." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. लहान मूल हट्ट धरतं तसा. मी प्रूफ पांडेकडे दिलं.

मशीन सुरू झालं. पहिला अंक त्यांनी स्वतः उचलला, कितीतरी दिवसांनी. नावावर नाही, त्या चार ओळींच्या शेवटच्या शब्दावर अंगठा दाबला आणि बघत राहिले. "छापलं की झालं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "झालं ना, वहिनी?"

 त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीची कडी काढली. ती इतके दिवस बंद होती की उघडायला जोर लावावा लागला. मग खुर्ची तिथे ओढली, आणि अंगठा न पुसता, घुंगरू वाजायची वाट बघत बसून राहिले.